सगळ्यात आधी हेवा परत आला

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की आभारानं सुरुवात करतात. डॉक्टरांचे आभार, नवऱ्याचे आभार, देवाचे आभार. मीही तशी सुरुवात दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा पाचव्या ओळीपर्यंत मला स्वतःचाच कंटाळा आला. खरं सांगायचं तर त्या दिवसांतली माझी सगळ्यात ठळक आठवण हेव्याची आहे. मी माझ्या जावेवर जळत होते. अजूनही जळते, फक्त आता ते तिला माहीत आहे.

तरी लिहिते आहे, कारण शॉक ट्रीटमेंटच्या खोलीबाहेर बाकांवर बसलेली घरची माणसं मी पाहिली आहेत. त्यांना भीती असते ती मशीनची. बरं होऊ लागलेलं माणूस घरात किती वाईट वागू शकतं, हे त्यांना कुणी आधी सांगत नाही.

मी प्राची. मूळची पुण्याची, नोकरीसाठी बंगळुरूला आले त्याला अकरा वर्षं झाली. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि घरीही ही सवय सुटत नाही. नवरा गिरीश इथलाच. त्याच्या आजोबांपासून त्यांचं घर चामराजपेटमध्ये आहे. तिथं त्याचे मोठे भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी मिळून ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचं दुकान चालवतात. वहिनींचं नाव रत्ना, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांना मूल नाही. त्यांच्या मराठीत अर्धं कानडी असतं. लग्न नवीन असताना पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर मी त्यांची नक्कल करून दाखवायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी फार दया यायला नको.

*

माझा आजार रडण्याचा नव्हता. रडू येत असतं तर बरं वाटलं असतं. माझं सगळं हळूहळू बंद पडत गेलं. आधी ऑफिस, मग अंघोळ, मग बोलणं, शेवटी जेवण. चौदा महिन्यांत औषधं चार वेळा बदलली. माझी मुलगी ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. एकदा तिनं माझं चित्र काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते बराच वेळ धरून बसले आणि मला एवढंच वाटलं, की हा कागद आहे. जगू नये असंही वाटायचं. ते मी डॉक्टरांना सांगितलं, हे त्या वर्षात मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम.

मी पाण्याचा घोटसुद्धा घेईनाशी झाले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. पन्नाशीच्या बाई, आवाज शांत. आता औषधांची वाट बघत बसायला वेळ नाही, ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, सुरू करू, असं म्हणाल्या. गिरीशचा चेहरा पांढरा पडला. सिनेमात पाहिलेलं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार, पलंगाला बांधलेला माणूस आणि किंकाळ्या. त्यानं एकच प्रश्न दोनदा कानडीत आणि एकदा इंग्रजीत विचारला: हिचा मेंदू बिघडणार नाही ना?

बाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे दोन गोल काढले आणि मध्ये एक जाड रेघ. मेंदूचा एक भाग सतत वाईट तेच सांगत राहतो आणि दुसऱ्या भागाला त्याचं ऐकण्यावाचून सुटका नसते, या दोघांमधली वाट फार घट्ट झालेली असते, असं त्यांनी समजावलं. भूल देऊन, वीज अगदी थोडा वेळ सोडून, एक फिट आणायची. उपचार म्हणजे ती फिट. ती शमवताना मेंदू स्वतःची शांत करणारी रसायनं वाढवतो, ती घट्ट वाट सैल होते, काही ठिकाणी नव्या जोडण्या फुटतात. नेमकं कशानं किती होतं हे आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही, हेही त्या म्हणाल्या. नंतर मला त्यांचा विश्वास वाटला तो या वाक्यामुळे. त्या दिवशी मात्र मला काहीच वाटलं नाही. सही करून मी विचारलं, झालं का?

खोलीबाहेर अक्का उभ्या होत्या. गिरीशनं आदल्या दिवशी फोन केला होता. त्या दुकान दादांवर टाकून एका पिशवीनिशी आल्या होत्या, मार्केटहून एक बस आणि इथल्याच शिवाजीनगरहून दुसरी. त्या पाच महिने राहिल्या.

*

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाला ऑटो. रात्रीपासून पोटात काही नाही, पाणीही नाही. आदल्या संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ आणि केसांना तेलाचा थेंबही नाही, कारण तेलकट त्वचेवर वीज सोडायच्या चकत्या नीट बसत नाहीत. नखांना रंग नाही. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून अक्कांच्या रुमालात. हातात सुई. तोंडावर मास्क. भुलीचं औषध शिरताना दंडापर्यंत झोंबतं, आणि मग एकदम दुसरी खोली असते आणि सिस्टर विचारत असते, नाव काय, हे कुठलं गाव, आज वार कुठला.

मधलं काही मी पाहिलेलं नाही, पण गिरीशनं विचारून घेतलं होतं. शरीर सैल पडायचं औषध देण्याआधी एका पायाच्या घोट्याला रक्तदाबाचा पट्टा घट्ट बांधतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. फिट आली की अख्खं शरीर निपचित असतं आणि तेवढं एक पाऊल हलतं. डॉक्टर त्या पावलाकडे बघून सेकंद मोजतात. ही गोष्ट ऐकल्यावर गिरीशची भीती निम्मी झाली. त्याच्या मनातलं ते सगळं भयंकर दृश्य एका पावलापुरतं उरलं.

गावाच्या प्रश्नाला मी तीनदा पुणे म्हणाले. डोकं ठणकायचं, जबडा दुखायचा. घरी आल्यावर अक्का मऊ भात आणि सारू, म्हणजे त्यांच्याकडचं पातळ सार, भरवायच्या. मी तोंड उघडायची, गिळायची. चव लागत होती की नाही हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

*

चौथ्या खेपेनंतरची दुपार मला लख्ख आठवते. आजूबाजूचं बरंच पुसलं गेलंय, पण ही दुपार शाबूत आहे.

मी झोपून उठले आणि हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. अक्का जमिनीवर बसल्या होत्या आणि ओवी त्यांच्या मांडीवर. तिच्या वेण्या घालणं चाललं होतं. ओवी म्हणाली, "अक्का, स्वल्प सैल घाल की." माझी मुलगी, माझ्या घरात, त्या "की"सकट बोलत होती आणि डोकं निवांत मागं टेकून बसली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा वाक्प्रचार मी शाळेत निबंधात लिहिला होता, तो शरीरात असा होतो हे तेव्हा कळलं. चौदा महिने मला भूक नव्हती, राग नव्हता, लाज नव्हती. आणि आता एकाएकी त्या बाईच्या हातातून ती वेणी हिसकून घ्यावीशी वाटली. ही माझ्या मुलीच्या डोक्याला हात लावते म्हणजे काय! मी म्हणाले, "ओवी, इकडे ये."

ओवी उठून आली. माझ्यापासून एक हात लांब उभी राहून तिनं माझा चेहरा नीट पाहिला, शाळेत नवीन बाई आल्यावर पाहतात तसा. मग वेणी अर्धी आहे असं म्हणाली आणि परत जाऊन त्याच मांडीवर बसली. मी आत जाऊन उशीत तोंड घालून रडले. रडू आलं याचंही मला नवल वाटलं नाही, इतका राग होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मन कसं आहे ते विचारलं. मी म्हणाले, मला माझ्या जावेचा भयंकर राग येतो, तिनं माझं घर घेतलंय. बाई लिहायच्या थांबल्या. कधीपासून, असं त्यांनी विचारलं आणि चक्क त्यांचा चेहरा उजळला. मला तो अपमान वाटला. त्यांनी सांगितलं, की आनंदच पहिला येतो असं काही नसतं. "इतके दिवस तुम्हाला कुणाचंच काही पडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता पडलंय. ते कुणाचं, हे बघून ठेवा."

ओवीचं. ती मला परत हवी होती, आणि तिला मी हवी आहे का, हे मला माहीत नव्हतं. पुढं मी जे काही केलं ते एवढ्यासाठी.

*

हेवा एकदा सुरू झाल्यावर तो एका माणसावर थांबत नाही. आमच्याच वेळेला एक नागपूरचे गृहस्थ यायचे. ते शुद्धीवर आले की सिस्टरनं विचारायच्या आधीच वार, तारीख आणि गाव सांगून मोकळे व्हायचे आणि चहा मागायचे. मी पडद्यापलीकडून ऐकायची आणि मनातल्या मनात त्यांचा पेपर तपासायची. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतःच्या हातानं कोथिंबीर निवडणाऱ्या बायका, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून चाललेल्या मुली, सगळ्या डोळ्यांत खुपायच्या. पण त्या सगळ्यांचं मिळून जेवढं व्हायचं, तेवढं एकट्या अक्कांचं व्हायचं.

वाईट हे, की अक्का चुकतच नव्हत्या. ओवीला बस चुकली नाही, डबा राहिला नाही, गिरीशचा शर्ट कधी बिनइस्त्रीचा नव्हता. मला चूक हवी होती. ती सहाव्या खेपेला मिळाली.

सिस्टरनं माझ्या कपाळाच्या कडेला बोट लावलं आणि ते घसरलं. तिनं वास घेतला. खोबरेल. केसांच्या मुळांपर्यंत मुरलेलं होतं. तिनं बाहेर येऊन अक्कांना कानडीत झापलं. कुणी लावलं, इतक्या वेळा सांगितलंय ना? अक्का म्हणाल्या, मी लावलं. बेसिनवर दोनदा शांपू झाला, केस निथळत राहिले, तोवर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनला जायची वेळ झाली. आता शुक्रवारी या, असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

त्या आजारात एक खेप चुकणं म्हणजे काय, हे त्यातून गेलेल्यालाच कळेल. नुकतं कुठं डोकं पाण्याबाहेर काढायला येत होतं. गिरीश तिथं व्हरांड्यात सगळ्यांसमोर अक्कांना बोलला. आईच्या जागी मानलेल्या वहिनीला तो जन्मात उलटून बोलला नव्हता. त्या खाली बघत उभ्या राहिल्या.

ऑटोत मी त्याच्याही पुढं गेले. "तुम्हाला मी बरी व्हायला नकोय," मी म्हणाले. "मी बरी झाले की तुम्हाला परत शिलाईच्या मशीनवर बसावं लागेल आणि ओवी हातची जाईल. म्हणून तुम्ही तेल लावलंत."

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं, त्याला भाषा कळत नव्हती पण सूर कळला असावा. अक्का रस्त्याकडे बघत होत्या. घर जवळ आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे ठीक आहे. त्यानंतर प्रत्येक खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहून स्वतःचं डोकं स्वतः तपासायची.

*

आठ खेपा झाल्या. मी बरी झाले, म्हणजे भूक लागू लागली, वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं, गॅलरीत उभं राहावंसं वाटू लागलं. पुढं चार महिने महिन्यातून एकदा खेप घेतली, तोवर अक्का होत्याच. शेवटच्या खेपेनंतर चौथ्या दिवशी मी गिरीशला सांगितलं, की अक्कांना आता जाऊ दे, दुकान खोळंबलं असेल. तो म्हणाला, एक महिना थांबू या. मी म्हणाले, नाही. अक्कांनी त्याच दुपारी पिशवी भरली. ओवी त्या पिशवीवर बसून राहिली, तिला उचलून बाजूला करावं लागलं.

मग मी माझी मुलगी परत मिळवायला निघाले. तिच्या आवडीच्या पुऱ्या केल्या, गृहपाठ घेतला, बागेत नेलं. ओवीनं सगळं नीट पार पाडलं. "थँक्यू, आई," असं म्हणायची. टीव्ही लावायच्या आधी यायची आणि विचारायची, तुला आवाजाचा त्रास होईल का? माझ्यासमोर तिनं कधी ताट सरकवलं नाही, कधी पाय आपटले नाहीत. पाहुणी म्हणून राहायला आलेली मुलं इतकी शहाणी असतात. आणि रोज संध्याकाळी अक्कांना फोन लावून मात्र कडकडून भांडायची. माझी निळी रिबीन तूच नेलीस, तू खोटं बोलतेस, मी तुझ्याशी बोलणार नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते भांडण ऐकायची. मलाही ते भांडण हवं होतं.

त्यात माझी स्मरणशक्ती. ते पाच महिने माझ्या डोक्यात जागोजागी फाटलेले आहेत. ओवीच्या शाळेचं संमेलन झालं होतं, ती फुलपाखरू झाली होती. फोटोत मी अक्कांच्या शेजारी बसले आहे आणि टाळ्या वाजवते आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. जावेवर जळणं मी समजू शकते, पण मी त्या फोटोतल्या बाईवरही जळले, जिनं माझ्या साडीत बसून माझ्या मुलीचा नाच पाहिला. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की आठवणी साठवणारा मेंदूचा जो भाग या आजारात सुकतो, तोच या उपचारानं पुन्हा भरू लागतो, आणि त्या उलथापालथीत त्याच दिवसांच्या आठवणी नीट बसत नाहीत. काही परत येतील, काही येणार नाहीत. हे आधी सांगितलं होतं, असंही त्या म्हणाल्या. असेल. मला आठवत नव्हतं.

*

एका रविवारी मी ओवीला न्हायला घालत होते. केस धुताना ती कुरकुरली, की अक्का आधी तेल लावते, मग गुंता होत नाही. मी ताडकन म्हणाले, की अक्काचं तेल मला चांगलं माहीत आहे, त्या तेलापायी माझी एक खेप गेली.

ओवी साबणानं झोंबणारे डोळे मिटून म्हणाली, "पण तूच मागितलंस."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं मुलांच्या पद्धतीनं सगळं सलग सांगितलं. संध्याकाळ होती. मी पलंगावर बसले होते. मी अक्कांना म्हणाले, डोकं फार ठणकतंय, तेल लावून द्या. अक्का म्हणाल्या, उद्या खेप आहे, आज चालत नाही, परवा लावते. तर मी रडायला लागले, ओवीसारखी, मोठ्यानं. मग अक्कांनी वाटीत तेल कोमट केलं आणि लावलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले.

"तू बाबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"अक्का म्हणाली, नको सांगू. आईला वाईट वाटेल."

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. मला त्यातला एक क्षणही आठवत नव्हता, आजही आठवत नाही. चौदा महिन्यांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं ते अक्कांकडे. ते त्यांनी ऐकलं, ओवीनं पाहिलं आणि मी विसरले. मला लाज वाटली हे खरं, पण लाजेच्या आधी काय वाटलं तेही सांगते. आधी हेवाच वाटला. माझ्या आयुष्यातली ती संध्याकाळ त्या दोघींकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

*

पुढच्या शनिवारी मी ओवीला घेऊन चामराजपेटला गेले. दादा कापड आणायला गेले होते. ओवी पळत आतल्या खोलीत गेली, जिथं कापडाच्या चिंध्यांची पेटी असते. अक्का मशीनवर होत्या. शाळा सुरू व्हायचे दिवस, खाकी चड्ड्यांचा ढीग बाजूला. त्यांनी मशीन थांबवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की ओवीनं मला तेलाचं सांगितलं, मी ऑटोत बोलले ते चुकलं, मला माफ करा. आणि इतकं झालंच होतं म्हणून बाकीचंही सांगितलं. मला तुमचा हेवा वाटतो. ओवी तुमच्याशी भांडते आणि माझ्याशी भांडत नाही.

मशीन थांबलं. अक्कांनी सुईखालची चड्डी काढून घडी केली. दोनदा केली.

"माफी मागू नको गं," त्या म्हणाल्या. "तू रडलीस म्हणून लावलं, हे खरं हाय. पण तेवढंच नाही." मग घडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी वेणी घालताना तू हाक मारलीस, आणि ही माझ्या मांडीवरनं उठून गेली की. एका हाकेला. माझ्या हातात अर्धी वेणी तशीच राहिली. मला वाटलं, झालं, संपलं आता आपलं. तू तेल मागितलंस तेव्हा मला म्हाईत होतं उद्या परत पाठवतील म्हणून. एक दिवस तर एक दिवस, असं आलं मनात. देवासमोर सुद्धा बोलले नाही हे मी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला राग यायला हवा होता. ती खेप चुकल्यावरचे दोन दिवस मी कसे काढले हे त्यांनी पाहिलं होतं. राग आलाही, थोडासा. पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते मला अडवता येईना. त्या दुपारची ओवी परत गेलेली मला आठवत होती, आणि अक्कांना ती उठून गेलेली आठवत होती. अंथरुणावर हाडं होऊन पडलेल्या, अंघोळ न केलेल्या, मुलीचं चित्र हातात घेऊन कागद म्हणणाऱ्या माझ्यावर एक धडधाकट बाई जळत होती. म्हणजे जळण्यासारखं माझ्याजवळ काहीतरी होतं. ओवी माझ्याजवळ होती.

मग मी म्हणाले, की दर शनिवारी ओवीला इथं राहायला पाठवेन, पण रविवारी संध्याकाळी ती मला परत पाहिजे. हे बोलताना माझं तोंड कडू झालं, ते त्यांना दिसलं असणार. त्या म्हणाल्या, "सरी." आणि खाकी चड्डी पुन्हा सुईखाली घातली.

ओवीला आत जाऊन सांगितलं, की आज तू इथंच राहायचंस. ती आनंदानं उड्या मारेल आणि मला पुन्हा झोंबेल, अशी तयारी करून गेले होते. तिनं उड्या मारल्या नाहीत. माझ्यामागून दुकानाच्या पायरीपर्यंत आली. मी चपला घालत होते, तर माझ्या कुर्त्याचं टोक धरून उभी राहिली.

"उद्या न्यायला येशील ना?"

येईन म्हणाले.

"विसरणार नाहीस ना?"

मी चपला तशाच सोडल्या. मी तिला अक्कांपासून सोडवत होते तेव्हा ती शांतपणे, शहाण्यासारखी, याच भीतीत राहत होती. त्रास दिला तर आई पुन्हा तशी होईल, आणि आई तशी झाली की मला विसरेल. मी खाली बसले. विसरणार नाही, असं वचन द्यायला माझ्याजवळ तसं डोकं आता नव्हतं आणि तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"विसरले तर अक्काला सांग फोन करायला," मी म्हणाले. "अक्काचा फोन आला की मी लगेच येईन."

ओवीनं मान हलवली. "अक्का नाही करणार. तिला मी इथंच हवी असते."

आत मशीन चालायचं थांबलं. अक्का दारात आल्या, चष्मा कपाळावर, दोऱ्याचं टोक ओठांत. त्यांनी ओवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरा ओठांतून काढला.

"करीन," त्या म्हणाल्या.